हमीद, ती फ्रेम तू का विकली नाहीस

हमीद,

आज सकाळी खेड्यावरचा एक म्हातारा सायकल ढकलत आला आणि सवयीनं तुझ्या ओट्याला टेकवून उभा राहिला. "भाई कुठं गेलेत?" म्हणाला. मी म्हणालो, "गेले." तो म्हणाला, "कवा येतील मग?" शेवटी नीट सांगितलं. तो टोपी काढून बसला आणि मग त्यानं हळूच विचारलं, की पंक्चर दुसरं कुणी काढील का. मीच काढलं. ठिगळ वाकडं बसलं. तू बघितलं असतंस तर गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढली असतीस.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला मंडळी बरीच होती आणि जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होता. हमीदभाई कधी कुणाला उलटून बोलले नाहीत म्हणे. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. माझ्याशी तू बावीस वर्षं फक्त उलटूनच बोललास, हे कुणाला सांगू? तू हट्टी होतास, चिडका होतास, आणि माझ्या चांगल्या गिऱ्हाइकांना "ही सायकल घेऊ नका, हिचं रिम कच्चं हाय" असं माझ्या तोंडावर सांगायचास. ते सगळं त्या दिवशी कुणीच काढलं नाही. मेलेल्या माणसाला लोक इतकं गुळगुळीत करून टाकतात, की मला त्यात तू सापडेना.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुझे गुण सांगायला नाही. मला एका फ्रेमबद्दल बोलायचं आहे, तू विकली नाहीस त्या. तिच्यावरून मी तुला काय काय बोललो ते तुला ठाऊक आहे. तू ती का विकली नाहीस ते मात्र मला ठाऊक नव्हतं. गेल्या सोमवारी कळलं.

वडिलांच्या वेळेपासून दुकान आमचं आणि दुकानापुढचा ओटा तुझा. नव्या सायकली सुट्या यायच्या, त्या तू जोडून द्यायच्यास आणि बाकीचा दिवस तुझं तू रिपेअरचं काम करायचास. वडील गेले, दुकान माझ्याकडं आलं, तोवर सायकलीचे दिवस भरत आले होते. हप्त्यावर फटफट्या मिळायला लागल्या. आधी मास्तर लोकांनी घेतल्या, मग ऊसवाल्यांनी, मग ज्याला त्याला. मी दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात फटफटीचे टायर लावले, नंतर एजन्सीची पाटीच आणली. ती पाटी चढवताना तू शिडी धरायला नकार दिलास. "मन्मथ, तू सायकलवाला न्हाई ऱ्हायला बे," एवढंच म्हणालास आणि दिवसभर माझ्याकडं पाठ करून बसलास.

त्याच वर्षांत बाहेरच्या देशांचं भंगार इकडं यायला लागलं. तिकडं नको झालेल्या वस्तू कंटेनर भरभरून बंदरावर उतरायच्या आणि फुटत फुटत औरंगाबादच्या भंगारबाजारापर्यंत पोचायच्या. तुझा साडू तिथं गाळा चालवायचा. तू दोन-तीन महिन्यांनी जाऊन चाकं, साखळ्या, फ्रीव्हील असलं काहीबाही वेचून आणायचास. एकदा एसटीच्या टपावर सुतळीनं बांधून तीन फ्रेमा आणल्यास. रंग नाही, नाव नाही, नुसत्या राखाडी नळ्या. मी हातात घेतली तर वजनच नाही. चुंबक लावला, चिकटेना.

"ऐलमिनम हाय," मी म्हणालो. "ह्याची पातेली होतील फक्त."

"न्हाई," तू म्हणालास.

"मग स्टील?"

"स्टील असं हलकं असतंय का?"

तू ग्राइंडर सुरू केलास आणि एका नळीचं तुटलेलं टोक चाकाला लावलंस. ॲल्युमिनियमला ठिणगी पडत नाही, लोखंडाची पिवळी पडते, एवढं मलाही माहीत होतं. ही पांढरी पडली. भर दुपारच्या उन्हातसुद्धा डोळे दिपतील अशी पांढरी. समोरचा कापडवाला गल्ल्यावरून उठून बघायला आला. तू ग्राइंडर बंद केलास आणि ती नळी बराच वेळ हातात धरून बसलास. तुझा चेहरा तसा मी फक्त तुझी थोरली पोर झाली त्या दिवशी बघितला होता.

अंबाजोगाईला लेथचं काम शिकवून रिटायर झालेले एक सर होते, त्यांच्याकडं तू ती फ्रेम बसमध्ये मांडीवर घेऊन गेलास. संध्याकाळी आलास ते नाव घेऊन आलास. टायटॅनियम. तुला नीट म्हणता यायचं नाही, "टिटानम" म्हणायचास. सरांनी सांगितलं होतं, की विमानात घालतात. मी म्हणालो, मग केजमध्ये विमानाचं दुकान टाकू. तू हसलाही नाहीस.

गिऱ्हाईक मिळालं ते योगायोगानं. पाटोद्याचे एक डॉक्टर, डोळ्यांचे, दवाखाना पुण्यात. सणासुदीला आईवडिलांकडं यायचे आणि गाडी असून मांजरसुंब्याचा घाट सायकलनं चढायचे. लोक त्यांना अर्धवट समजत. एकदा इकडं आले असताना त्यांची साखळी तुटली आणि ते तुझ्या ओट्यावर आले. वर टांगलेल्या फ्रेमा त्यांना दिसल्या आणि साखळीचं ते विसरूनच गेले. एकेक फ्रेम खाली घ्यायला लावली, जोडांवरून बोट फिरवलं. म्हणाले, डोंगरात चालवायच्या ह्या पहिल्यावहिल्या सायकली, त्या काळी हातानं बनवायचे, थोड्याच बनल्या, आता जुन्या जाणकारांत त्यांना मागणी आहे. "मिस्तरी, हे वेल्डिंग बघितलंत का?" त्यांनी विचारलं. तू म्हणालास, "बघितलं. आमच्या घरी करंजीला मुरड घालतेत तसं हाय." डॉक्टरांनी तुझ्याकडं असं बघितलं, की माझ्यासारख्या दुकानदाराकडं तसं कुणी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी एक घेतली. त्यांच्या मित्रानं दुसरी. मग पुण्यामुंबईकडून चिठ्ठ्या आल्या, एसटीडी बूथवर निरोप आले. चार वर्षांत अशा सात फ्रेमा आपल्या ओट्यावरून गेल्या. विकायचो मी, पण विकल्या जायच्या त्या तुझ्यामुळं. तू त्यांना कधी रंग लावू दिला नाहीस. मी म्हणायचो, चकचकीत केली की भाव येईल. तू भाभींच्या स्वयंपाकघरातली भांडी घासायची हिरवी घासणी आणायचास आणि एकाच दिशेनं, न थकता, दोन-दोन दिवस घासायचास. राखाडी रंग रेशमासारखा उजळायचा. पायडलच्या जोडाखाली आकडे कोरलेले असायचे, त्यांच्यावर कागद धरून पेन्सिल घासायचास आणि उमटलेला कागद ओट्यामागच्या भिंतीला चिकटवायचास. मी विचारलं, ह्याचा काय उपयोग? म्हणालास, "गेलेल्याचं काहीतरी ऱ्हायला पाहिजे का न्हाई?"

गिऱ्हाईक आलं की तू आधी फ्रेम त्याच्या हातात द्यायचास आणि गप्प बसायचास. जो लगेच किंमत विचारायचा त्याला तू नंतर काहीबाही खोडी सांगून परतवून लावायचास. माझा जळफळाट व्हायचा. जो आधी नखानं वाजवून आवाज ऐकायचा, त्याच्यासाठी चहा यायचा. मला हे सगळं थेर वाटायचं. मी तोंडावर बोलायचोही. पण आज कबूल करतो, त्या चार वर्षांत मला दुकान उघडावंसं वाटायचं ते ह्याच थेरांमुळं. फटफट्या विकताना तसं कधी वाटलं नाही.

आणि मग ती. पहिल्या तिघींतली तिसरी. उंचीला तुझ्या मापाची. बुडाशी, सीटची नळी पायडलच्या जोडाला मिळते तिथं, नखाएवढी भेग होती. डॉक्टर म्हणाले, भेग असली तरी मी घेतो, पुण्यात एका कारखान्यात नीट सांधून घेतो. किंमतही बाकीच्यांपेक्षा जास्त सांगितली, कारण त्या बनावटीची दुसरी त्यांनी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. तू नाही म्हणालास. तुला ती स्वतः चालवायची होती. पोरीचं लग्न झालं की पुण्याला जाऊन सांधून आणणार, आणि मांजरसुंब्याचा घाट एकदा तिच्यावरून चढणार. पन्नाशीला आलेला माणूस. मी म्हणालो, दुकानात न विकायची वस्तू ठेवणं म्हणजे रोग. तू म्हणालास, मग हा रोग माझ्या ओट्यावर हाय, तुझ्या दुकानात न्हाई. यावर आपण किती वर्षं भांडलो? मी तिला "भाभींची सवत" म्हणायला लागलो तेव्हा भाभींनी मला घरातून ओरडून दम दिला होता.

तू मला शंभरदा सांगितलं असशील, की त्या धातूला आपल्याकडचा जाळ चालत नाही. तापला की तो हवा पितो आणि आतून ठिसूळ होतो. म्हणून बंद जागेत, वेगळा गॅस सोडून सांधावा लागतो. तू सांगायचास आणि मी हं हं करत रस्त्यावरचं गिऱ्हाईक बघायचो. माझ्या कानावर ते शंभरदा पडलं. मी एकदाही ऐकलं नाही.

पोरीचं लग्न झालं आणि तुझे पाय सुजायला लागले. किडन्या गेल्या म्हणाले. अंबाजोगाईला पंधरा दिवस पडून होतास. मी एक दिवसाआड यायचो. तिथून परत आलो की रिकामा ओटा बघवायचा नाही. काहीतरी करावं असं फार वाटायचं आणि करण्यासारखं काही नव्हतं. मी डॉक्टर नाही, पैसेवाला नाही, मला नमाज येत नाही. एक दिवस वर बघितलं तर ती टांगलेली दिसली. मनात आलं, हमीद येईल तेव्हा ही धड करून ठेवू. आपल्या गावात मोडलेल्या फ्रेमेला काय करतात? वेल्डरकडं नेऊन पितळ मारून आणतात. वडिलांनी तेच केलं, मी तेच करत आलो, तूही हजार लोखंडी फ्रेमांना तेच केलंस. मी खांद्यावर टाकली आणि स्टँडामागं घेऊन गेलो.

वेल्डर म्हणाला, पितळ धरंना झालंय. मी म्हणालो, जाळ वाढव. त्यानं वाढवला. नळी निळी झाली, मग पांढरी, राख फासल्यासारखी. तो म्हणाला, "आप्पा, हे धातूच येगळं दिसतंय, ऱ्हाऊ द्या." मी म्हणालो, "तू मार रे." मी त्याच्या उरावर उभा राहून ते करवून घेतलं. त्याचा काही दोष नाही, हे इथं लिहून ठेवतो. शेवटी कसाबसा गोळा बसला. मी तो कानशीनं घासला, त्यावर चंदेरी रंग मारला आणि माझ्यावर फार खूश झालो.

तुला आणायला जीप घेऊन मीच आलो होतो. वाटेत तू डोळे मिटून होतास. मला वाटलं झोपलास. मग एकदम बोललास.

"मन्मथ, त्या डॉक्टरला फोन लाव."

"कावून?"

"घेऊन जा म्हणावं ती फ्रेम. बहीण किडनी द्याला तयार हाय. पुण्याला जाऊन तपासण्या करायच्या म्हन्तेत दवाखान्यात. तेवढा खर्च तर सुटंल त्या पैशात."

हमीद, मी त्या जीपमध्ये पोरासारखा हसलो. एक तर तू जगायचं ठरवलं होतंस, आणि दुसरं, इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो. मी म्हणालो, घरी नंतर, आधी दुकानात चल, तुला एक गंमत दाखवतो. भाभी नको म्हणत होत्या, तू थकला होतास. मी ऐकलं नाही. तुला धरून ओट्यावर बसवलं आणि फ्रेम काढून तुझ्या मांडीवर ठेवली.

तू बघितलंस. अंगठा त्या चंदेरी रंगावरून फिरवलास. कडेला थोडी पांढरी पूड राहिली होती, ती बोटाला लागली. ते बोट तू बराच वेळ बघत होतास.

"कोनी केलं?"

"मी. म्हंजे मी करवून घेतलं. आता भेगच न्हाई. डॉक्टर जास्तच देईल."

तू मान खाली घालून हसलास. मला ते हसूच वाटलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "लई झकास केलं. आता तर मी ही विकतच न्हाई."

मला वाटलं, धड झालेली बघून मोह पुन्हा जागा झाला. इतका मी गाढव.

त्यानंतरचे सात महिने तुला माहीत आहेत. आठवड्यातून दोनदा जीपनं लातूर, डायलिसिसचं मशीन, परत. पुण्याचा विषय तू काढला नाहीस. मी काढला की म्हणायचास, बघू. डॉक्टरांचा फोन आला, तू नाही म्हणून सांगायला लावलंस. मी माझ्याकडचं देऊ केलं, तेही नाही. म्हणालास, तुझी एजन्सी आत्ता कुठं उभी ऱ्हायली, तिचे पाय काढू नको. फ्रेम तू घरी नेलीस आणि खाटेसमोरच्या भिंतीला टांगलीस. मी रोज संध्याकाळी दुकानातून घरी जाताना थांबून तिच्याखालीच बसायचो. आपण भांडायचो, भाभी चहा करायच्या. मला वाटायचं, माणूस मरणाच्या दारात बसलाय आणि ह्याला नळ्या सुटत नाहीत.

शेवटी ते तोंडातून गेलंच. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा निरोप धाडला होता, दुप्पट देतो म्हणून. मी दुपारीच दुकान बंद करून आलो. तू भिंतीला टेकून बसला होतास, तोंडावर सूज. तू नेहमीसारखी मान हलवलीस आणि माझा तोल गेला. "बहीण स्वतःची किडनी काढून द्याला बसली आन् तू भिंतीवर फ्रेम टांगून तिच्याकडं बघत बसलाय. कबरीत नेनार हायस का ती? असला हावरट माणूस मी जिंदगीत बघितला न्हाई." भाभी दारात आल्या, त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तू हात वर केलास, त्या थांबल्या. मग तू म्हणालास, "मन्मथ, बस. चहा घे."

मी बसलो नाही. चहा घेतला नाही. त्या दिवसापासून सव्वीस दिवस मी तुझ्याकडं आलो नाही. मनात होतं, हा झुकेपर्यंत जायचं नाही. सत्ताविसाव्या दिवशी, जुम्म्याच्या दुपारी, तुझा साडू दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, आणि त्यानं काही बोलायच्या आधी मी शटर खाली ओढलं.

मातीला मी आलो. मूठभर टाकलीही. पण रडू आलं नाही. खरं सांगतो, तेव्हाही मी तुझ्यावर रागावलेलोच होतो. फ्रेम विकली असतीस तर वाचला असतास, हेच डोक्यात घोळत होतं.

सोमवारी पाटोद्याचे डॉक्टर भेटायला आले. तुझ्या घरी त्यांना नेलं. बाहेरच्या खोलीत बसलो, तुझ्या भावानं पाणी दिलं. डॉक्टर भिंतीकडं बघत होते. म्हणाले, एकदा हातात घेऊ का? मी काढून दिली. त्यांनी तिला उजेडात धरलं आणि चंदेरी रंगावर नख मारलं. रंगाचा पापुद्रा निघाला. खालच्या गोळ्याभोवती बारीक बारीक भेगा गेल्या होत्या, न चालवता, नुसतं टांगून. एक नव्हे, पाच-सहा.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. तूही तेच विचारलं होतंस.

"मी."

त्यांनी फ्रेम मांडीवर ठेवली. मग सौम्यपणानं, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हवा आत गेली आहे. जोड गेला, आजूबाजूची नळीही गेली, आता कुठलाच कारखाना ती सांधू शकणार नाही. हिला आता कुणी घेणार नाही. पहिल्या भेगेसकट ती त्यांनी त्याच भावात घेतली असती. "हमीदभाईंना हे बघताक्षणी कळलं असणार," ते म्हणाले. "ते मला नाही म्हणत राहिले. मला वाटलं, जीव जडलाय."

म्हणजे तू मोहानं अडला नव्हतास. विकायला तुझ्याकडं काही उरलंच नव्हतं. ते मी संपवलं होतं, आणि वर सात महिने तुझ्या समोर बसून तुला विक विक म्हणत होतो. डॉक्टर तिथं असताना ती फ्रेम कुणी खाली उतरवली असती तर त्यांच्या तोंडून माझ्यादेखत ते निघालं असतं. म्हणून तू त्यांना येऊच दिलं नाहीस. हावरट मी तुला म्हणालो. तू चहा घे म्हणालास.

किडनी जुळली असती का, कोण जाणे. पुण्याला जाऊनही तू गेला असतास, असं डॉक्टर मला जाताना सांगत होते. चांगले आहेत ते. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

काल मी भाभींकडं गेलो. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने परक्या पुरुषासमोर येत नाहीत. आतल्या दाराला पडदा आहे, त्याच्या अलीकडं मी जमिनीवर बसलो, पलीकडं त्या. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी इतक्या खालच्या आवाजात कधी बोललो नव्हतो.

"भाभी, ती फ्रेम मी खराब केलती. त्याला जाळ चालत नव्हता. मला कळलं न्हाई."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"दवाखान्यातून आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

"मग मला का सांगितलं न्हाई कुणी?"

"मी लई म्हणलं, आप्पांना सांगा, ते हातपाय हलवतील, काहीतरी करतील. त्यांनी मला शपथ घातली. म्हणले, त्याला कळलं तर तो रोज येऊन मान खाली घालून बसंल. मला तसला मन्मथ नको. मी हाय तवर माझ्याशी भांडनारा पाहिजे."

पडदा हलला नाही. आत कुणीतरी नळ बंद केला. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय उठताही येईना.

"मी आलो न्हाई, त्या दिवसांत काही म्हणला का तो?"

"म्हणले काही न्हाई. संध्याकाळ झाली की खाट बाहेर ओसरीत टाकायला लावायचे. तिथून रस्ता दिसतो."

हमीद, त्या सव्वीस दिवसांत मी दुकानातून घरी मागच्या गल्लीनं जात होतो.